धुतलेलं शेत

पेणच्या डॉक्टरनं मीठ सोडायला सांगितलं, तेव्हा जनी त्याच्या तोंडावर हसली होती. धरमतरच्या खाडीकाठच्या काळेखार गावची बाई ती. बाप जन्मभर मिठागरात राबला, सासऱ्यानं खाडीला मातीचा बांध घालून खाऱ्या चिखलातून भात काढलं. असल्या बाईला मीठ सोड म्हणणाऱ्या माणसाला हसायचं नाही तर काय करायचं? पण नवरा जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता, भर बाजारात तिला भोवळ आली होती, आणि डॉक्टरनं दंडाला पट्टा आवळून जो आकडा सांगितला तो ऐकून सोबत आलेल्या मुलाचा, रघूचा चेहरा उतरला होता. तो चेहरा बघून ती हसायची थांबली.

डॉक्टर म्हणाला होता, "कमी करा." जनीनं साफ बंद केलं. तिचा स्वभावच तसा. थोडं-थोडं, जेवढ्यास तेवढं, हे तिला कधी जमलं नाही. लुगडं धुवायला घेतलं तर विटेपर्यंत धुणार, आणि कुणाशी अबोला धरला तर वर्षानुवर्षं धरणार. नाथा होता तोवर तो मध्येच म्हणायचा, "पुरे गो आता." मग ती थांबायची. नाथाचं अर्धं आयुष्य हे एवढंच म्हणण्यात गेलं असेल.

घरात दुसरं कुणी जेवणारं असतं, तर पहिल्याच दिवशी ताट बाजूला सारून म्हणालं असतं, अगो, हे काय रांधलंस? पण घरात जनी एकटी. सुरुवातीला घास फिरायचा. मग घशाखाली उतरायला लागला. वर्षभरानं तर आळणी भातालाच चव लागायला लागली. मुळ्याच्या पाल्यातलं, हंड्यातल्या पाण्यातलं अंगचं मीठसुद्धा जिभेला कळू लागलं. जनी म्हणाली, झाली सवय. रघू रोह्याहून फोन करायचा, "आये, जेवलीस का?" ती म्हणायची, "जेवले." काय जेवलीस, कुणाबरोबर जेवलीस, हे कोण विचारतं फोनवर?

आता शेताचं सांगितलं पाहिजे, कारण सगळं शेतापाशीच घडलं.

पाच वर्षांपूर्वीपर्यंत काळेखारचा सगळा खार, म्हणजे बांधाआतली खारी जमीन, भातानं भरलेला असायचा. खाडीच्या बांधाला एक लाकडी झडप आहे, तिला उघाडी म्हणतात. ओहोटीला शेतांचं पाणी तिच्यातून बाहेर जातं आणि भरतीला ती आपोआप मिटते. नाथा-जनीचं दीड एकर जरा उंचावर, त्याला लागून खाली धोंडुबाईचं, आणि धोंडुबाईच्या पलीकडं उघाडी. म्हणजे जनीच्या शेतातलं पाणी सोडलं की ते धोंडुबाईच्या शेतातून उतरत खाडीला जाणार. दोन पिढ्या ते तसंच जात होतं आणि त्याबद्दल कधी कुणी ब्र काढला नव्हता. उलट लावणीच्या दिवसांत दोघी एकाच बांधावर बसून भाकरी खायच्या.

अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला बांधावर नजर ठेवायची पाळी घरागणिक ठरलेली. ज्याची पाळी त्यानं फावडं-टोपली घेऊन भरती उतरेपर्यंत बांधावर थांबायचं. खेकड्यानं बीळ पाडलेलं दिसलं की चिखल थापायचा. त्या आषाढी अमावस्येला पाळी धोंडुबाईच्या नवऱ्याची, केरूची होती. केरूला डोलवीच्या कंपनीत ठेक्यावर नुकतं काम लागलं होतं. पहिल्याच आठवड्यात शिफ्ट चुकवली तर गेट बंद होईल, म्हणून तो गेला. कुणाला बदली सांगायचं राहून गेलं. दुपारच्या भरतीला खेकड्याच्या एका भोकातून पाणी शिरलं आणि बांधाला बैलगाडी जाईल एवढी खांड पडली. संध्याकाळपर्यंत अडीचशे एकर भातात खाडी उभी होती.

गावकीत नाथा बोलला. नाथा कधी बोलायचा नाही, त्यामुळं ते सगळ्यांच्या लक्षात राहिलं. "केरू, तुज्या एका शिफ्टपायी गावाची चार वर्सं गेली." एवढंच म्हणाला. केरूनं मान खाली घातली ती घातलीच. धोंडुबाईनं मात्र त्या दिवसापासून जनीच्या घराकडं बघणं सोडलं, आणि जनीनंही तिच्या दुप्पट ताठ्यानं सोडलं. नाथा गेला तेव्हा धोंडुबाई आली होती. अंगणाच्या कडेला, चपला काढतात तिथं बसली होती. जनीनं तिला पाहिलं आणि पदर पुढं ओढून तोंड फिरवलं. धोंडुबाई थोडा वेळ बसली आणि उठून गेली.

बांध गावानं पुन्हा बांधला. पण मातीत शिरलेलं मीठ बांध बांधून निघत नाही, ते पावसाच्या पाण्यानं वर्षानुवर्षं धुवावं लागतं. तेवढा धीर कुणाला? कुणी शेतात जिताडा मासे पाळायला तळी खणली, कुणी केरूच्या मागोमाग कंपनीत लागलं, कुणी पनवेलला गेलं. या साली सगळ्या खारात भात पेरायला निघालेली घरं दोनच उरली होती. आणि त्या दोन घरांत अबोला!

रघूचा तगादा होता की आईनं रोह्याला यावं. तो तिथं एका कारखान्यात कामाला, दोन खोल्या, बायको, एक मुलगी. सून चांगली होती. पण रोह्याला गेलं की जनीला कुणी कसलंच काम सांगत नसे. आये बस, आये टीव्ही बघ, आये उन्हात जाऊ नको. चार दिवसांत तिला वाटायचं, आपल्याला फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलंय. एकटंच राहायचं तर निदान आपल्या उंबऱ्यात राहावं, असं तिचं म्हणणं. शेवटी शिमग्याला मायलेकांचा सौदा ठरला. या साली शेतात दहा पोती भात झालं, तर रघू पुन्हा विषय काढणार नाही. नाही झालं, तर दिवाळीला जनीनं बोचकं बांधायचं.

"शब्द?" रघूनं विचारलं.

"शब्द," जनी म्हणाली. आणि तिनं दिलेला शब्द कधी मोडला नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

तिनं काम मात्र असं केलं की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. बघणारं कुणी नव्हतं ती गोष्ट वेगळी. वैशाखात एकटीनं डोक्यावरून शेणखत वाहिलं. मृगात शेत भरलं, दोन दिवस पाणी उभं ठेवलं, मग बांधाचं तोंड फोडून सोडून दिलं. पुन्हा भरलं, पुन्हा सोडलं. खार धुवायची रीत हीच. प्रश्न असतो तो थांबायचं कधी याचा.

नाथा होता तोवर ते तो ठरवायचा, आणि एकट्या आपल्या शेताचं नाही, सगळ्या गावाचं. शेताच्या चारी कोपऱ्यांतला चिखल फडक्यात घेऊन पिळायचा, निघालेलं पाणी जिभेच्या टोकावर घ्यायचा, डोळे मिटायचा आणि थुंकायचा. "आजून हाय," म्हणाला की आणखी एक पाणी सोडायचं. "गेलं," म्हणाला की लोक लगेच चिखलानं तोंडं बुजवून रहू टाकायला घ्यायचे. म्हणजे मोड आलेलं भात नुसतं चिखलात फेकायचं, खाराच्या जमिनीत लावणीच्या भानगडीत पडत नाहीत. त्या जिभेसाठी नाथानं आयुष्यात तंबाखूला हात लावला नाही.

आता फडकं जनीच्या हातात आलं. चौथं पाणी सोडल्यावर तिनं चिखल पिळला आणि जीभ लावली. खारं होतं. अगदी टोकावर, पण होतं. पाचवं सोडलं. खारंच. रहू टाकायचा दिवस टळून चालला तेव्हा जीव मुठीत धरून राता भाताचे, खारात तगणाऱ्या त्या तांबड्या भाताचे, मोड फेकले. ते रुजले, बोटभर वर आले. जनीनं पुन्हा चाखलं, पुन्हा जिभेला मीठ लागलं, पुन्हा तिनं तोंड फोडलं. पेणहून युरियाची गोणी आणून फेकली. दुसऱ्या दिवशी चाखते तर पाणी आणखीनच खारट-कडवट!  मातीच्या पोटात दडलेलं मीठ वर आलं, असं तिला वाटलं, आणि अख्ख्या गोणीचं पाणी तिनं त्याच सकाळी सोडून दिलं.

रोज सकाळी ती तोंड फोडायला जायची तेव्हा खालच्या शेतात धोंडुबाई उभी असायची. वीस-पंचवीस पावलांवर. डोक्यावर इरलं, हातात काही नाही. जनी फावडं मारायची, पाणी भुळभुळ करत खाली जायचं, धोंडुबाई त्या पाण्याकडं बघायची. दोघींतल्या एकीच्याही तोंडून शब्द निघायचा नाही. बघ गो बघ, जनी मनात म्हणायची, माजी फजिती बघायला येतेस, पोटभर बघ. आणि घरी जाऊन आळणी पेज प्यायची.

श्रावणात भात पिवळं पडायला लागलं. आधी खालची पानं, मग वरची. खारानं पात टोकाकडून करपते, पांढरी पडते, हे जनीला लहानपणापासून माहीत होतं. हे तसं दिसत नव्हतं. पण माणूस घाबरलं की त्याला जे भय असतं तेच सगळीकडं दिसतं. तिला मीठच दिसलं. ती आणखी पाणी सोडत राहिली. विचारावं असं माणूस तरी कोण होतं? तळीवाल्यांना भाताचं काय. रघूला फोनवर सांगितलं असतं तर त्यानं बोचकंच बांधायला सांगितलं असतं. कधीकधी ती बांधावर उभी राहून मोठ्यानं म्हणायची, "सांगा ना वो, आता काय करू?" आणि आपलाच आवाज ऐकून लाजून इकडंतिकडं बघायची.

श्रावणातल्या एका रविवारी रघू आला. एकटाच, दुपारपुरता. जनीनं वालाचं बिरडं केलं. मुलासाठी म्हणून फळीवरून मिठाची बरणी काढली. आतलं मीठ दमटपणानं दगड झालं होतं, ते चमच्यानं खरवडून घातलं. चव घेतली. बाई गो, खारट झालं, पोराला आवडतं तसं म्हणून आपण जास्तच घातलं. तिनं त्यात आणखी नारळाचं दूध ओतलं आणि वाढलं.

रघूनं एक घास खाल्ला आणि म्हणाला, "आये, मीठ घालायचं राहिलं."

"घातलंय की."

"कुठाय? आळणी हाय."

त्यानं बरणीतलं दोन चिमट्या घेऊन कालवलं आणि जेवायला लागला. जनीनं त्याच्या ताटातलं बोटानं घेऊन चाटलं आणि तिला ते तोंडात धरवेना. खाडीचं पाणी प्याल्यासारखं वाटलं. रघू मिटक्या मारत खात होता. जनी त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. दोन वर्षांत तिच्या घरात तिच्याशिवाय कुणी घास खाल्ला नव्हता. रघू यायचा तो धावतपळत, चहा घेऊन जायचा.

"ऊठ," ती म्हणाली.

"कुठं?"

"शेतावर चल."

"अगो, जेवू तर दे!"

"येऊन जेव."

तिचा चेहरा बघून तो उठला. शेतावर गेल्यावर तिनं चिखल फडक्यात घेतला, पिळला आणि ओंजळ त्याच्यापुढं केली. रघूनं नाक मुरडलं, पण जीभ लावली.

"काय लागतं?"

"पाणी लागतं. दुसरं काय लागणार?"

"खारं नाय?"

"कसलं खारं, आये? रोह्याच्या नळापेक्षा गोडं हाय."

तिनं त्याला चारी कोपऱ्यांत फिरवलं. चारी कोपऱ्यांत त्यानं तेच सांगितलं. मग जनी बांधावर बसली आणि किती वेळा पाणी सोडलं ते त्याला सांगत गेली. रघू ऐकत होता. कारखान्यात त्याचं कामच टाक्या धुवायचं, त्यामुळं त्याला समजायला वेळ लागला नाही.

"पाणी निवडत बसत नाय, आये," तो हळूच म्हणाला. "आधी खार नेला. खार सरल्यावर जे हाताला लागलं ते नेलं. तुजं शेण गेलं, युरिया गेला, मातीतलं होतं नव्हतं ते पण गेलं. हे भात खारानं नाय पिवळं झालेलं. उपाशी हाय ते."

"गेलं कुठं मग सगळं?" जनीनं विचारलं.

 रघूनं खाली बघितलं, म्हणून तिनंही बघितलं. रोज सकाळी ती तिकडं बघायची ते धोंडुबाईकडं, शेताकडं नव्हे. धोंडुबाईचं भात कमरेला लागत होतं. हिरवं नव्हे, काळं दिसत होतं. पात तळहाताएवढी रुंद नव्हती एवढंच!

मायलेकांनी मिळून बांधाचं तोंड चिखलानं बुजवलं. संध्याकाळच्या एस.टी.नं रघू गेला. जाताना दिवाळीचा विषय त्यानं काढला नाही. काढला असता तर जनीला भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जनी धोंडुबाईच्या पडवीत जाऊन उभी राहिली. धोंडुबाई सुपात तांदूळ निवडत होती.

"धोंडे."

पाच वर्षांत हे नाव जनीच्या तोंडून निघालं नव्हतं. धोंडुबाईचा हात थांबला. "ये, बस."

"बसायला नाय आले. खत किती घातलंस तू?"

"चिमटीभर बी नाय." खोटं बोलता आलं असतं, पण ती बोलली नाही.

"पानी चाखलं व्हतंस?"

"पयल्याच आठवड्यात. मना वाटलं, जनी मुद्दाम आपला खार माज्या शेतात उलथते. चाखलं तर गोडं."

"आन गप ऱ्हायलीस."

"ऱ्हायले."

"का गो?" जनीचा आवाज फाटला. "माजं शेत मरताना दिसत व्हतं ना तुला? रोज तर येऊन उभी ऱ्हायचीस!"

धोंडुबाईनं सूप खाली ठेवलं. "सांगायला तुज्या दारात यावं लागलं असतं. नाथा भावजी गेले तवा आले व्हते मी. तू पदर वढलास."  मग ती खाली बघत म्हणाली, "आन आयतं खत येतंय तर नको कोन म्हनतं, तेवढी मी बी शहाणी नाय. पन खरं सांगू का? तुला सांगितलं असतं तर तू तोंड बुजवून घरी बसली असतीस. केरू शिफ्टला गेला की दोन-दोन दिस येत नाय. अख्ख्या खारात सकाळी माणूस म्हनून दिसायची ती तू एक. तू यायचीस, म्हनून मी यायचे."

"माजं पीक गिळलंस, आन वर सोबत पायजे म्हनतेस!"

जनी तिथून निघाली ती थेट घरी येऊन दार लावून बसली.  आणि त्या रागाच्या तळाशी तिला एक गोष्ट आठवली, जी तिनं कुणालाही सांगितली नसती. आषाढात तीन दिवस धोंडुबाई आली नव्हती. तापानं पडली असावी. त्या तिन्ही दिवशी जनीनं तोंड फोडलं होतं आणि काम झाल्यावरही फावड्यावर हनुवटी टेकून बराच वेळ खालच्या शेताकडं बघत उभी राहिली होती. चौथ्या दिवशी इरलं दिसलं तेव्हा कुठं तिच्या जिवात जीव आला होता. हे आठवल्यावर तिला धोंडुबाईचा राग आला त्याहून जास्त स्वतःचा आला.

त्यानंतर तिनं शेताला शेणाचा काला घातला, रघूनं पाठवलेल्या पैशांतून अर्धी गोणी युरिया घातला आणि पाण्याचा थेंब बाहेर जाऊ दिला नाही. भात हिरवटलं. पण जे वय वाढायचं असतं ते निघून गेलं होतं. आणि बांधाचं तोंड बुजलं तसं सकाळचं कामही सरलं. शेतावर रोज जायला काही कारण उरलं नाही. जनी उठायची, चहा करायची, दारात बसायची. समोरून डोलवीला जाणाऱ्या मोटारसायकली जायच्या. आठ वाजता त्याही संपायच्या. मग थेट दुपार. गावकीच्या वेळी, मयताच्या वेळी, खांड पडली तेव्हासुद्धा तिला असं वाटलं नव्हतं. पण त्या भादव्यात तिला खरोखर वाटलं की आपण बोलायचं विसरून जाऊ.

कापणी झाली. जनीचं भात साडेतीन पोती भरलं, त्यातही अर्धं पोल, दाणाच न भरलेलं. धोंडुबाईचं किती झालं ते जनीनं विचारलं नाही. झोडणीचा आवाज चार दिवस चालू होता, त्यावरून काय ते समजायचं.

धनतेरसेच्या आदल्या सकाळी जनीनं दार उघडलं तर पडवीत तिच्या पोत्यांशेजारी आणखी सात पोती उभी. तोंडं सुतळीनं शिवलेली. गावात सौद्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. रघूनंच ती पारावर हसत-हसत सांगितली होती. साडेतीन आणि सात. हिशेब शेंबड्या पोरालाही आला असता. जनी दिवसभर त्या पोत्यांपाशी बसून राहिली. परत पाठवायची तर केरूला हाक मारावी लागेल. ठेवायची तर रघूच्या तोंडावर खोटं बोलावं लागेल. आणि राहायचं तर तिला होतंच. देवा, केवढं राहायचं होतं!

दुसऱ्या दिवशी रघू टेंपो घेऊन आला. पडवीत बघून तो थबकला.

"आये! दहा झाली?"

जनीनं तोंड उघडलं. हो म्हणायचं होतं. "साडेतीन माजी," ती म्हणाली. "बाकी धोंडुबाईची."

"ती बी तिचीच हायत." धोंडुबाई अंगणाच्या कडेला येऊन उभी राहिली होती. टेंपोचा आवाज ऐकून आली असणार. "तिच्याच शेतातून वाहत आली माज्याकडं. रघू, दहा झाली म्हन आन जा परत."

रघूनं कपाळ पुसलं. "काकी, मना पोत्यांचं काय करायचंय? दहा पोती मी पेणवरून विकत आणीन. आये दुसऱ्या कशाला कबूल झाली नसती, म्हणून पोती म्हटलं. मना एवढंच बघायचं होतं, हिला हितं कोण सांगणारं हाय का, की बाई, पुरे कर."

"मी हाय," धोंडुबाई म्हणाली.

"आषाढात बी तू होतीस, काकी."

तो चिडून बोलला नव्हता. चिडून बोलला असता तर धोंडुबाईला उलटून बोलता आलं असतं, आणि ती उलटून बोलण्यात कुणाला हार जाणारी नव्हती. ती नुसती उभी राहिली. पाच वर्षं जनीनं मनाशी म्हटलं होतं, एकदा या बाईचं तोंड बंद झालेलं बघायचंय. ते बघायला मिळालं तेव्हा तिला वाटलं, कुणीतरी बोला रे, कुणीही बोला.

 जनी आत गेली, देव्हाऱ्यातले देव फडक्यात घेतले, नाथाचा फोटो लुगड्यात गुंडाळला आणि बोचकं बांधलं. शब्द दिला होता. आणि तो नसता दिला तरी आता रघूला काय सांगून ती थांबणार होती? कुलूप लावून चावी तिनं धोंडुबाईच्या हातात ठेवली.

"पोती घेऊन जा तुजी. शेत बी तूच कर पुढल्या साली."

"मना नको गो तुजं शेत," धोंडुबाई म्हणाली. "तू ऱ्हा."

जनी टेंपोत रघूच्या शेजारी चढून बसली. काळेखारचा रस्ता अजून मातीचा, पावसानं खड्डे पडलेला. टेंपो बैलगाडीच्या चालीनं निघाला. धोंडुबाई खिडकीला धरून बाजूनं चालायला लागली. आणि चालता चालता बोलायला लागली. केरूचा गुडघा सुजतो, कंपनीवाले त्याला बसायचं काम देत नाहीत. मागच्या साली दाढ काढली, पेणला एकटीच गेले, येताना रगत थांबेना. सुनेला पनवेलला मुलगी झाली, नाव जनीलाच विचारून ठेवायचं मनात होतं. कोंबड्या मुंगसानं खाल्ल्या. एवढं सगळं एका दमात, एकात एक गुंतलेलं, मध्ये श्वास न घेता, जसं काही टेंपो थांबला तर तिलाही थांबावं लागेल. जनी खिडकीत बसून ऐकत होती. तिला हो म्हणायचं होतं, विचारायचं होतं, पण मध्ये बोलायला जागाच मिळत नव्हती.

मग डांबरी रस्ता लागला. रघूनं गियर बदलला. धोंडुबाईचा हात खिडकीवरून सुटला, तरी ती चार पावलं पळालीच, काहीतरी सांगत. ते जनीला अर्धंच ऐकू आलं.

"काय म्हणत होती काकी?" थोड्या वेळानं रघूनं विचारलं.

"तिची गाय व्यायली," जनी म्हणाली, आणि वडखळ मागं पडेपर्यंत तिला रडू आवरलं नाही.